झिपरूमामा अजून घाटातच

जमील अत्तार नाशिकच्या अंबड वसाहतीतल्या एका कारखान्यात माल तपासायचा. पितळी बुशांचे, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या छोट्या नळकांड्यांचे, ट्रे त्याच्या टेबलावर यायचे आणि केसाच्या निम्म्याएवढा फरक दिसला तरी तो नग लाल डब्यात जायचा. खात्यातली पोरं त्याला मागून ‘नापाससाहेब’ म्हणायची. असा हा कडक माणूस एका बाबतीत मात्र एकोणीस वर्षं आलेला माल डोळे मिटून पास करत होता. तो माल म्हणजे ‘एक सीट रिकामी’ या सिनेमाचा दुसरा भाग येणार असल्याची बातमी.

हा सिनेमा कोणी पाहिला नसेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. तो लागला तेव्हाही कोणी पाहिला नव्हता. नाशकात तो आठवडाभर टिकला, तोही पुढच्या सिनेमाची रिळं वेळेवर पोचली नाहीत म्हणून. मग एका वाहिनीला रविवारची दुपार भरून काढायला काही मिळेना. तिनं हा सिनेमा लावला, पुन्हा लावला, आणि लावतच राहिली. हळूहळू लोकांना संवाद पाठ झाले. पाठ झाल्यावर ते आवडायला लागले.

गोष्ट साधीच. नाशिकहून धुळ्याला निघालेली लग्नाची बस, आणि त्या बसमधले नवरदेवाचे झिपरूमामा. हा माणूस प्रत्येक थांब्यावर काहीतरी निमित्त काढून खाली उतरतो आणि घोटाळा करून ठेवतो. शेवटी राहुड घाटात मामा उतरतात ते उतरतातच. बस निघून जाते. घाटाच्या वळणावर, नवरदेवाचा फेटा छातीशी धरून मामा उभे, आणि पडद्यावर अक्षरं येतात : ‘मामांचं पुढे काय झालं? भाग दुसरा, लवकरच!’

जमीलचे अब्बा गेले त्याच वर्षातली गोष्ट. अम्मी, गुलजारबी, इद्दतीचे, म्हणजे नवऱ्यामागे पाळायचे, चार महिने संपल्यावरही बोलेना. घरात चार माणसं, पण आवाज फक्त भांड्यांचा. एका रविवारी टीव्ही चालू राहिला होता. ओझरच्या थांब्यावर झिपरूमामा चहावाल्याशी साखरेवरून भांडले आणि त्याच तावात भलत्याच बसमध्ये जाऊन तिथल्या परक्या वऱ्हाडाला मानपानावरून झापू लागले. गुलजारबी हसली. इतकी हसली की तिला ठसका लागला. जमील पाणी आणायला धावला आणि माठापाशी उभा राहून रडला. हे त्यानं बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही.

त्या दिवसापासून गुलजारबीचा प्रश्न ठरलेला. “जमील, उस मामा का आगे क्या हुआ रे?”

“येतोय अम्मी दुसरा भाग. लवकरच.”

पहिल्या वर्षी पटकथा लिहायला घेतली होती. तिसऱ्या वर्षी ती लिहिणाऱ्यानं मालिका लिहायला घेतली. सहाव्या वर्षी निर्मात्यानं वाढदिवसाला केक कापून घोषणा केली. सातव्या वर्षी तीच घोषणा केली, केक नवा होता. मग नायिकेचं लग्न, मग नायकाचं राजकारण, मग त्या राजकारणातून नायकाला लोकांनी परत पाठवलं, मग टाळेबंदी. प्रत्येक वेळी जमील ती बातमी आपल्या नेटवरच्या गटावर टाकायचा. ‘मामांना आणा’ या गटाचा तो जनक, चालक आणि पालक. सभासद दोनशे बारा.

गटात दोन पक्ष होते. आशावाद्यांचा पुढारी बंटी गांगुर्डे. मेन रोडला त्याचं मोबाईलच्या कव्हरांचं दुकान होतं, आणि गिऱ्हाईक नसलं की तो दुसऱ्या भागाची पोस्टरं स्वतःच बनवायचा. एकदा त्याचंच पोस्टर चार ठिकाणी फिरून त्याच्याकडे परत आलं तेव्हा त्यानं ते ‘पक्की बातमी!!’ म्हणून गटावर टाकलं होतं.

दुसऱ्या पक्षात ज्योत्स्ना साळवे एकटीच, पण पुरून उरायची. एका सरकारी कचेरीत ती बावीस वर्षं कारकून होती. ‘लवकरच’ या शब्दाची नस तिला सापडलेली होती.

“जमीलभाई,” ती लिहायची, “‘लवकरच’ आम्ही दिवसाला चाळीस वेळा म्हणतो. म्हणायला कष्ट नाहीत. तुम्ही तारीख विचारा. तारीख विचारली की समोरचा माणूस जेवायला जातो, हे मी खात्रीनं सांगते. मी स्वतः जाते.”

एवढा अविश्वास होता तर ही बाई गटात काय करत होती, असं विचारायची कोणाची छाती नव्हती. पण रविवारी सिनेमा लागला की पहिला निरोप तिचाच असायचा : “ओझर आलं.”

सहा वर्षांपूर्वी झिपरूमामांचं काम केलेले नट वारले. त्या दिवशी गटावर दोनशे बारा हात जोडले गेले. रात्र उलटल्यावर ज्योत्स्नानं लिहिलं, “आता तरी थांबा.” बंटीनं उत्तर दिलं, “त्यांना भाऊ असेल की एखादा!”

जमीलनं ही बातमी अम्मीला सांगितली नाही. तिच्या लेखी मामा घाटात उभे होते, आणि उभा माणूस मरत नसतो.

या वर्षी फेब्रुवारीत जमीलला फोन आला. मुंबईहून कोणी पिंकी मॅडम बोलत होत्या. ‘एक सीट रिकामी २ : आता विमानात’ तयार होता, जुन्या चाहत्यांना त्यातली सात मिनिटं सगळ्यांच्या आधी दाखवायची होती, नाशिकपासून सुरुवात. तीस माणसं हवी होती.

जमीलनं निरोप टाकताच गट पेटला. तीसच्या जागी एकशे चाळीस नावं आली. बंटीनं दुकानाला कुलूप लावलं. ज्योत्स्नानं विचारलं, “विमानात का? विमानातून मामा उतरणार कसे?” हे विचारण्याआधी तिनंही रजेचा अर्ज टाकला होता.

गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलात कार्यक्रम होता. दारात सगळ्यांचे मोबाईल काढून घेतले आणि प्रत्येकाला पिवळा टी-शर्ट दिला. त्यावर लिहिलं होतं, ‘मी वाट पाहिली’. टी-शर्ट एकाच मापाचे होते. त्यामुळे कोणी किती वाट पाहिली ते पोटावरून कळत होतं.

पिंकी मॅडम कानाला यंत्र लावून फिरत होत्या. तिशीच्या आतल्या. पहिला सिनेमा आला तेव्हा बालवाडीत असाव्यात.

“ऐका हं सगळे,” त्या म्हणाल्या, “आपण आधी हसू शूट करून घेऊ. नंतर लाइट बदलतो ना.”

“काय बघून हसायचं?” ज्योत्स्नानं विचारलं.

“मनातल्या मनात पहिला भाग आठवा ना मॅडम.”

तीस माणसांनी कोऱ्या पडद्याकडे बघून हसायला सुरुवात केली. आधी मोठ्यानं, मग पोट धरून, मग ‘डोळे पुसत’. बंटी खुर्चीवरून खाली पडला, त्याला तीनदा पडायला लावलं. ज्योत्स्ना तेवढी हाताची घडी घालून बसून होती. कॅमेरावाल्यानं तिला कडेला घेतलं.

मग सात मिनिटं दाखवली.

विमान होतं. त्यात परदेशी निघालेलं वऱ्हाड होतं. नायक पहिल्या भागापेक्षा तरुण दिसत होता, ही डॉक्टरांची कमाल. आणि झिपरूमामा होते. संगणकानं बनवलेले. तोच चेहरा, तोच पायजमा, त्यांच्याच आवाजाचे तुकडे जोडून केलेला आवाज. मामा विमानात उभे राहून हवाई सुंदरीला म्हणत होते, “ए, खिडकी उघड, थुंकायचंय!” सात मिनिटांत हे वाक्य चार वेळा आलं. मामांच्या डोळ्यांची पापणी एकदाही हलली नाही.

घाटाबद्दल एक ओळ होती. कोणीतरी विचारतं, “मामा, एवढी वर्षं होता कुठे?” मामा म्हणतात, “लई लांबची श्टोरी हाय!” झालं. एकोणीस वर्षांचा प्रश्न तिथे संपला.

दिवे लागले. तीस माणसं एकमेकांकडे न बघता बसली होती. एका बाईनं पदरानं नाक पुसलं. तेवढ्यात पिंकी मॅडम जमीलपाशी आल्या.

“सर, तुम्ही अॅडमिन ना? तुमचं एक वाक्य हवंय. कॅमेऱ्यात बघून म्हणायचं, ‘एकोणीस वर्षं वाट पाहिल्याचं सार्थक झालं!’”

जमीलच्या जिभेवर खरं होतं. पण त्याला अचानक भीती वाटली. हे वाईट आहे असं म्हटलं, तर मग आपण एकोणीस वर्षं नेमकं काय करत होतो? दोनशे बारा माणसांना कशासाठी धरून ठेवलं होतं? अम्मीला काय सांगत होतो?

पहिल्यांदा तो अडखळला. दुसऱ्यांदा मॅडम म्हणाल्या, “थोडा आनंद दाखवा ना सर.” तिसऱ्यांदा त्यानं वाक्य असं म्हटलं की मागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

बाहेर ज्योत्स्ना टी-शर्टाची घडी पिशवीत कोंबत होती. “छान बोललात,” ती म्हणाली. “आमच्या साहेबांचा निरोप समारंभ आहे पुढच्या महिन्यात. भाषणाला याल का?”

 मग तिनं पिशवी खांद्याला अडकवून रिक्षाला हात केला, आणि ते जमीलला जास्त लागलं.

आठवड्यानं ती चित्रफीत बाहेर आली. पहिला चेहरा जमीलचाच. नऊ लाख लोकांनी पाहिली. गटावर नवे साडेतीनशे सभासद आले. कारखान्यात पोरं नापास झालेला बुश हातात घेऊन म्हणू लागली, “साहेब, सार्थक झालं!”

घरी जमीलच्या बायकोनं, अदिबानं, फोन सासूच्या पुढ्यात धरला. गुलजारबीनं चष्मा लावून आपल्या लेकाला पाहिलं, दृष्ट काढावी तशी बोटांनी फोनवरूनच त्याची बलाएँ घेतली, आणि म्हणाली, “पहले दिन का टिकट निकाल.”

“अम्मी, तिथं एसी फार असतो.”

“शॉल है मेरे पास.”

“पायऱ्या लय आहेत. तुझे गुडघे...”

“तू बोला ना अच्छा है? मेरा बेटा पितल के टुकड़े को झूठा पास नहीं करता.”

अदिबा भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता नवऱ्याला विचारलं, “खरंच चांगला आहे का हो?” जमील हात धुवायला उठला. अजून जेवायला बसलेलाही नव्हता.

त्यानं ज्योत्स्नाला फोन केला, सगळं सांगितलं, ओझर आणि माठासकट. 

“मी येते,” ज्योत्स्ना म्हणाली. “आजींच्या दुसऱ्या बाजूला बसते. तुम्हाला एकट्याला हे झेपायचं नाही.”

शुक्रवारी दुपारी बाराचा खेळ. मोठ्या पडद्यासमोर पंधरा माणसं होती, त्यातला एक बंटी, पिवळ्या टी-शर्टात. त्यानं वळून सगळ्यांना हात केला. जमील आणि ज्योत्स्ना यांच्या मधे गुलजारबी बसली, शाल पांघरून, मांडीवर बडीशेपेची डबी घेऊन, निकाहला आल्यासारखी.

विमान आलं. नायक नाचला. मग मामा आले.

गुलजारबी पुढे झुकली. चष्मा काढला, शालीच्या टोकानं पुसला, परत लावला.

“ये कौन है?”

“मामा, अम्मी.”

ती बघत राहिली. पडद्यावर मामा खिडकी उघडायला सांगत होते. पुढच्या रांगेतला एक पोरगा हसला आणि आपण एकटेच हसलो हे कळून गप्प झाला.

“तबीयत ठीक नहीं क्या इसकी? पलक नहीं झपकाता.”

“अम्मी, ते संगणकावर...”

“अपना मामा घाबरला की आधी पायजम्याची नाडी धरायचा. हा कुठे धरतो?”

 ज्योत्स्नानं पलीकडून हळूच सांगितलं, “आजी, ते वारले. सहा वर्षं झाली. हा मशीननं बनवलेला आहे.”

गुलजारबीनं ओठातल्या ओठात दुवा म्हटली. मग पडद्याकडे पाठ फिरवता येत नाही म्हणून डोळे मिटून बसली. मध्यंतर झालं तशी उठली. “तुम लोग देखो. मैं बाहर बैठती.”

दोघंही तिच्यामागून बाहेर आले. बंटी तेवढा शेवटपर्यंत बसला. कोणीतरी बसायलाच हवं होतं, असं तो नंतर म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा झाला होता की ज्योत्स्नानंसुद्धा त्याला काही सुनावलं नाही.

बाहेर पॉपकॉर्नच्या वासात एका बाकावर गुलजारबी टेकली.

“तूने ये देखा था?” तिनं विचारलं.

“सात मिनिटं.”

“और फिर भी बोला?”

जमील पंचेचाळीस वर्षांचा होता. त्या बाकासमोर उभा राहून तो नऊ वर्षांचा झाला. “एकोणीस वर्षं झाली होती, अम्मी. वाईट आहे म्हणायला जीभच रेटेना.”

“मरा हुआ मामा मेरे से छुपाया, ते समजतं. माँ को बचाया.” तिनं आतल्या दाराकडे बोट केलं. “ये बारा लोग तेरे कौन हैं? ये तेरा मुँह देख के आए.”

जमील भिंतीला टेकला. खिशातून फोन काढला. काय लिहावं याचा फार विचार केला असता तर त्यानं लिहिलंच नसतं. त्यानं गटावर लिहिलं : “मी खोटं बोललो. फेब्रुवारीतच सात मिनिटं पाहिली होती. सिनेमा वाईट आहे. मामा आपले नाहीत. घाटाचं काही सांगितलेलं नाही. माझं बघून ज्यांनी तिकिटं काढली त्यांची माफी मागतो.”

मग जे व्हायचं ते झालं. कोणी विकला गेलास म्हणालं, कोणी आधीच ओळखलं होतं म्हणालं. ओळखलेले लोक नेहमी नंतरच बोलतात. साठ माणसं गट सोडून गेली. एकानं विचारलं, “पण गाणी कशी आहेत?” अर्ध्या तासात पिंकी मॅडमचा फोन आला.

“सर, हे काय लिहिलंत? पहिला दिवस आहे आमचा!”

“माझाही पहिलाच आहे,” जमील म्हणाला. “टी-शर्ट धुऊन ठेवलाय, पत्ता सांगा, पाठवतो.”

त्यांनी पत्ता सांगितला नाही.

जमीलला वाटलं होतं की हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. फक्त भूक लागली.

रिक्षानं तिघं जुन्या नाशकात घरी आले. ज्योत्स्ना दारातूनच निघणार होती, पण गुलजारबीनं तिचा हात सोडला नाही. “तू सच बोली आज. चाय पी के जा.”

अदिबानं चहा टाकला. पलंगावर पाय वर घेऊन गुलजारबी बसली. चेहरा मुळीच पडलेला नव्हता. उलट जमीललाच राहवेना. “अम्मी, माफ कर. इतकी वर्षं विचारत होतीस, आणि शेवटी काय झालं ते कळलंच नाही.”

“किस को नहीं कळलं?”

“म्हणजे?”

“अरे, उन्नीस साल हो गए. तोपर्यंत मी काय त्याला घाटात उभा ठेवणार होते?”

ज्योत्स्नानं कप खाली ठेवला.

“एक ट्रक आला,” गुलजारबी म्हणाली. “कांद्याचा. ड्रायव्हर बोला, आगे जगह नहीं, पीछे बैठ. मामा कांद्यावर बसला आणि पूर्ण रस्ता रडला. ड्रायव्हरला वाटलं, कांद्यानं. उमराण्याला त्याला उतरवलं. तिथं एक बेवा बाई, नवरा गेलेली, कुसाबाई, खानावळ चालवायची. तिनं विचारलं, ये फेटा किस का? आता मामाला लाज वाटली, वऱ्हाड सोडून गेलं कसं सांगणार? बोला, मेरा है.”

“अरे देवा,” अदिबा म्हणाली.

“मग गाव जमा झालं. लोक बोले, नवरदेव भाग के आया. पोरगी कोणाची फसवली? मारायला उठले. कुसाबाई बोली, मारो मत, पहले खाना खाने दो. आदमी भूखा है.”

“म्हणजे लग्न केलं तिनं?” जमीलनं विचारलं.

“चार महीने बाद.”

“थांबा, थांबा,” ज्योत्स्ना सरसावून बसली. तिच्या कपाळाला कचेरीतली आठी पडली होती. “आजी, कुसाबाईला खानावळ आहे. स्वतःची कमाई आहे. गावात वट आहे. तिला असला बावळट माणूस कशाला हवा?”

“हसवायचा तिला.”

“चार महिन्यांत? नाही पटत. निदान दोन वर्षं तरी त्याला भांडी घासायला लावली असणार.”

“दो साल? बुड्ढा होईल तो!”

“होऊ दे. कुसाबाई एवढी सहज हो म्हणायची नाही.”

“कुसाबाई तेरी है या मेरी?” गुलजारबीनं आवाज चढवला.

अदिबानं मधेच विचारलं, भांडी घासताना मामानं पहिल्याच दिवशी काय फोडलं असेल? त्यावर तिघी एकदम बोलायला लागल्या. कोणी परात म्हणालं, कोणी रांजण. परात फुटत नाही, हे ज्योत्स्नानं लक्षात आणून दिलं. मामाच्या हातून फुटते, असं गुलजारबीचं म्हणणं पडलं.

दुसऱ्या चहाला दूध नव्हतं. जमील पिशवी घेऊन उठला. “मी येईपर्यंत पुढं जाऊ नका,” त्यानं दारातून बजावलं, आणि तिघींनी माना डोलावल्या. तो जिना उतरून डेअरीच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो न पोचतो, तोच वरच्या खिडकीतून अम्मीचं हसणं ऐकू आलं. पाठोपाठ ज्योत्स्नाचा ठसका, आणि अदिबा पाणी आणायला धावल्याचा आवाज.